विचारा तर खरं : फेलोशिप मिळाली, आता गावात काय करू?

शिकता शिकता समाजकामाची फेलोशिप, म्हणजे ठरावीक काळ मानधन किंवा प्रकल्पखर्च घेऊन करायचं काम, करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची पत्रं या वेळी निवडली आहेत. एक पत्र आईचं आहे. जे प्रश्न सारखेच होते ते एकत्र केले आहेत.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गांधी फेलोशिप, स्टेट बँकेची फेलोशिप, मुख्यमंत्री फेलोशिप ही नावं ऐकली आहेत. अर्ज कुठे करू?
– विद्यार्थी, सातारा जिल्हा

आत्ता यांपैकी कुठेच नको. या सगळ्या पदवीनंतरच्या, पूर्णवेळच्या आहेत. स्टेट बँकेची ‘एसबीआय यूथ फॉर इंडिया’ १३ महिन्यांची असते. वय २१ ते ३२ लागतं आणि ग्रामीण भागात राहूनच काम करायचं असतं. गांधी फेलोशिप आणि शाळेत शिकवण्याची ‘टीच फॉर इंडिया’ दोन-दोन वर्षांच्या. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री फेलोशिपला २१ ते २६ वय, पदवीला किमान ६० टक्के आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव मागतात. अटी वर्षागणिक थोड्याफार बदलतात, म्हणून मित्राने पाठवलेला जुना फॉरवर्ड बाजूला ठेवा आणि त्या वर्षाची मूळ जाहिरात वाचा.

तुमच्यासाठी आज तीन वाटा आहेत. पहिली तुमच्याच महाविद्यालयात आहे : राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ला ती सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. बरेच जण ते सात दिवस सहलीसारखे काढून प्रमाणपत्र घेऊन येतात. वास्तविक गाव कसं चालतं हे फुकटात शिकण्याची याहून चांगली सोय नाही. दुसरी वाट ‘निर्माण’ची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने २००६मध्ये तरुणांसाठी हा उपक्रम सुरू केला. त्यात शिबिरांपासून सुरुवात होते. तिसरी वाट म्हणजे स्थानिक संस्था आणि काही महाविद्यालयं चालवतात त्या सहा ते दहा महिन्यांच्या अर्धवेळ फेलोशिप.

या तिसऱ्या प्रकारात अर्ज भरण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. आठवड्याला किती तास अपेक्षित आहेत? मानधन आणि प्रकल्पखर्च वेगवेगळे आहेत की मानधनातूनच खडू-फळे आणायचे? एका मार्गदर्शकाकडे किती फेलो आहेत आणि तो गावात महिन्यातून किती वेळा येतो? परीक्षेच्या महिन्यात काय सवलत आहे? गाव तुम्ही निवडायचं की संस्था देणार? गाव निवडायला मिळालं तर एसटीचं वेळापत्रक समोर ठेवून निवडा. चाळीस किलोमीटरवरच्या गावाला दिवसातून दोनच फेऱ्या असतील, त्यातली दुसरी मुक्कामी असेल, तर महिन्याभरात तुमचं जाणं आपोआप कमी होतं. तासाभरात पोहोचता येईल ते गाव बरं.

फेलोशिपसाठी निवड झाली. दहा महिने, आठवड्याला दहा तास, प्रकल्पाला २५,००० रुपये. मला आमच्या तालुक्यातल्या एका गावात ५०० झाडं लावायची आहेत. आराखडा कसा लिहू?
– विद्यार्थिनी, अहिल्यानगर जिल्हा

लिहिण्याआधी पाण्याचा हिशोब करा. रोपाला एका वेळी दहा लिटर, आठवड्यातून दोनदा, असं धरलं तर ५०० रोपांना आठवड्याला १०,००० लिटर पाणी लागतं. पाऊस ओसरल्यावर नोव्हेंबरपासून मध्य जूनपर्यंत साधारण ३२ आठवडे होतात. म्हणजे ३,२०,००० लिटर. पाच हजार लिटरच्या टँकरच्या ६४ खेपा. तुमच्या जिल्ह्यात मार्चनंतर माणसांनाच टँकर लागतो, तिथे झाडांना तो कोण सोडणार? वृक्षारोपणाच्या फलकामागे उरलेल्या रिकाम्या आळ्यांची गोष्ट बहुतेक इथेच संपते. रोपं वाईट नसतात, लावणारेही वाईट नसतात. पाणी घालणारा माणूस ठरलेला नसतो, एवढंच.

त्याऐवजी ४० झाडं घ्या आणि प्रत्येक झाडाला एक घर जोडा. एका झाडाला आठवड्यात दोन हंडे. अंगणासमोरच्या झाडाला एवढं पाणी घर देतं, गावाबाहेरच्या गायरानातल्या झाडाला देत नाही. खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. तो उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा. तळाशी पालापाचोळा, मग माती आणि कुजलेलं शेणखत. ताजं शेण टाकलं की उष्णतेने मुळं जळतात आणि वाळवीही लागते. रोप चार-पाच फुटांचं असावं. वीतभर रोपं स्वस्त पडतात, पण ती शेळीच्या तोंडाशी असतात. करंजाला गुरं फारशी तोंड लावत नाहीत. बाकी कडुनिंब, चिंच, जांभूळ यांना बोराटीच्या किंवा बाभळीच्या काट्यांचं कुंपण लागतंच. सामाजिक वनीकरणाच्या किंवा वनविभागाच्या रोपवाटिकेत चौकशी करा, आणि तीही जूनमध्ये नाही, एप्रिलमध्ये.

पण खरा प्रश्न झाडांच्या आधीचा आहे. गावाला झाडं हवी आहेत, हे कोणी सांगितलं? फेलोशिपचे पहिले चार-पाच आठवडे फक्त फिरण्यात घालवा. तीस घरं निवडा आणि ती डांबरी रस्त्याकडेचीच नकोत. काही गावठाणातली, काही दलित वस्तीतली, काही शेतातल्या वस्तीवरची किंवा वाडीवरची घ्या. “तुमच्या समस्या काय?” असं विचारू नका. त्या प्रश्नाला रस्ता आणि सभामंडप ही दोनच उत्तरं येतात, कारण असं विचारणारा माणूस आजवर निधी घेऊनच आलेला असतो. कालच्या दिवसाबद्दल विचारा : काल पाणी कोणी भरलं, किती खेपा झाल्या? पोरगं शाळेत गेलं का? नसेल तर कुठे होतं? दवाखान्याला शेवटचं कधी गेलात, कशाने गेलात? बायकांशी बोलायचं तर त्यांच्या वेळेला जा. मजुरीचे दिवस असतील तर दुपारी घरी कोणी नसतं आणि संध्याकाळी चूल पेटलेली असते. जेवणं उरकल्यावरचा अर्धा तास मिळतो, तेवढाच.

मग जे निघेल त्यातून एकच काम घ्या आणि त्याला दोन चाळण्या लावा. तुम्ही गेल्यावर हे सांभाळणारी दोन माणसं नावानिशी सांगता येतात का? वर्षाचा देखभालखर्च गावातून निघू शकतो का? उत्तर नाही असेल तर काम कितीही चांगलं असलं तरी ते सोडून द्या. वर्गात तिसरीतल्या आठ मुलांना वाचता येत नाही हे दिसलं, त्यांच्यासाठी रोज चाळीस मिनिटांचा वाचनवर्ग सुरू केला, आणि बारावी झालेली गावातलीच एक मुलगी तो पुढे चालवायला तयार झाली, तर आराखड्यात हा प्रकल्प ५०० झाडांपुढे किरकोळ दिसेल. दिसू द्या.

परवानगीबद्दल : सरपंचांनी तोंडी “करा की” म्हटलं म्हणजे परवानगी झाली नाही. ग्रामपंचायतीला अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेऊन पोच ठेवा. ग्रामसेवकांचं पदनाम २०२४पासून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं आहे. अर्जावर तेच लिहा, गावात मात्र भाऊसाहेब म्हणूनच विचारा. जागा पंचायतीची असेल तर ग्रामसभेचा ठराव करून घ्या. वर्षाला निदान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास येतात. त्याआधी महिलांची सभा असते. तुमचा विषय तिथे आधी मांडला तर मोठ्या सभेत तुमच्या बाजूने बोलणारं कोणीतरी असतं. शाळेत काम असेल तर मुख्याध्यापकांसोबत शाळा व्यवस्थापन समितीलाही कळवा, आणि मुलांचे फोटो काढण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या.

आमच्या गटाने दहा घरांच्या मागच्या बाजूला सांडपाणी जमिनीत मुरवणारे शोषखड्डे केले. उन्हाळ्यात छान चालले. जुलैत चार खड्डे तुंबले, घाण पाणी अंगणात आलं. लोक आता आमच्यावर चिडले आहेत. काय चुकलं?
– फेलो, परभणी जिल्हा

शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाचं नाव याच कामामुळे झालं. नाल्या उघड्या ठेवण्याऐवजी घरोघरी ‘मॅजिक पिट’ केले, आणि पुढे रोजगार हमीतून जिल्हाभर असे खड्डे झाले. म्हणजे तुमच्या भागात ही गोष्ट जमते. तुमच्याकडे चार खड्डे तुंबले त्याची कारणं बहुधा खालच्यांपैकी असतील. या क्रमाने तपासा.

आधी पागोळ्या बघा. पत्र्यावरचं पाणी खड्ड्यात उतरतंय का? चार बाय चार बाय चार फुटांचा खड्डा म्हणजे ६४ घनफूट, सुमारे १,८०० लिटर. पण त्यात दगड-विटा भरल्यावर पाण्याला जागा उरते ७०० लिटरच्या आसपास. ३०० चौरस फुटांच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर जवळजवळ १,४०० लिटर पाणी येतं. एकाच जोरदार सरीत खड्ड्याच्या दुप्पट. म्हणून पागोळ्यांचं पाणी वेगळं काढायचं आणि खड्ड्याचं तोंड जमिनीपासून सहा इंच उंच बांधायचं, म्हणजे अंगणातलं वाहतं पाणीही आत शिरत नाही.

दुसरं, माती. परभणीची काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातली भोकं मिटतात. उन्हाळ्यात ती भेगाळलेली असते. तेव्हा ओतलेलं पाणी गडप होतं आणि चाचणी यशस्वी वाटते. ही मोठी फसगत आहे. खरी चाचणी अशी : खड्ड्याच्या तळाशी फूटभर खोल छोटा खळगा करा, संध्याकाळी पाण्याने भरून रात्रभर माती मुरू द्या. सकाळी पुन्हा भरा, काडीवर खूण करा आणि घड्याळ लावा. अर्ध्या तासात इंचभरही पाणी उतरलं नाही तर तिथे शोषखड्डा नको. मुरूम लागेपर्यंत खोल जाता आलं तर जा. मुरूम फार खाली असेल तर तेच पाणी परसबागेत केळी, अळू, कर्दळीला वळवा. खणताना तळाला पाणीच लागलं असेल तर खोदकाम तिथेच थांबवा, कारण तो खड्डा पावसाळ्यात भरलेलाच राहणार.

तिसरं, गाळ. भांड्यांची राख, तेलकटपणा, साबणाचा फेस, केस हे सगळं थेट आत गेलं तर दगडांमधल्या फटी काही महिन्यांत बुजतात. खड्ड्याआधी जाळी आणि गाळ बसायला छोटी टाकी हवी. मॅजिक पिटमध्ये मधोमध छिद्रं पाडलेली सिमेंटची टाकी बसवतात आणि तिच्या भोवती दगड-विटांचे तुकडे भरतात, ते याचसाठी. झाकण उघडून तळातला गाळ काढता येतो. तुमचे खड्डे नुसते दगड भरून वर माती ओढलेले असतील तर आता उकरून, दगड धुऊन पुन्हा भरण्याशिवाय इलाज नाही. पुन्हा भरताना मोठे दगड तळाला, लहान वर, त्यावर गोणपाट किंवा जाड प्लास्टिक आणि मग माती. वर काही न घालता माती टाकली तर पहिल्याच पावसात ती खाली उतरून फटी भरते. पाइपाला दर चार फुटांना इंचभर उतार ठेवा. शौचालयाचं पाणी यात अजिबात सोडू नका. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर निदान ५० फुटांचं अंतर हवं, आणि खड्डा घराच्या भिंतीला चिकटूनही नको.

चिडलेल्या लोकांचं काय? चारही घरी एकाच दिवशी जा, चूक आमची झाली असं सांगा, आणि दुरुस्तीची तारीख देऊन ती पाळा. उरलेल्या सहा घरांना पावसाळा संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी जाळी साफ करून दाखवा. तुंबलेले खड्डे अहवालात लिहा. मार्गदर्शकाला चालू सहा खड्ड्यांपेक्षा त्या चारांतून जास्त कळेल.

स्वयंसेवक म्हणून महाविद्यालयातल्या वीस जणांनी नावं दिली. आता चौघंच येतात. नेतृत्व करायचं तरी कोणाचं?
– विद्यार्थी, अमरावती

चौघांचं. नियोजन करतानाच वीस नावांमागे पाच-सहा माणसं धरायची. बाकीच्यांनी उत्साहात हात वर केलेला असतो, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

येणाऱ्यांना मात्र ठरलेलं काम द्या. “रविवारी सगळे या” असा ग्रुपवरचा निरोप वाया जातो. “रविवारी साडेनऊला तू आणि अमुक, शाळेच्या व्हरांड्यात, पाच मुलांची वाचनचाचणी, साडेअकराला मोकळे” असा निरोप गेला की माणूस येतो. काम संपायची वेळ सांगणं सुरू होण्याच्या वेळेइतकंच गरजेचं आहे. बसभाडं देता येत असेल तर द्या. न येण्याचं खरं कारण पुष्कळदा चाळीस रुपये असतं आणि ते कोणी बोलून दाखवत नाही.

आणि दिनदर्शिका तपासा, तुमची आणि गावाची. तुमच्या सत्रपरीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलमध्ये येतात. त्यातल्या पहिल्या परीक्षेच्या वेळीच तुमच्याकडे सोयाबीनची काढणी आणि मग कापसाची वेचणी सुरू असते. मराठवाड्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं थेट उन्हाळ्यात परततात, कोकणात जुलैत भातलावणी असते. या सगळ्यातून गाव आणि तुम्ही दोघं मोकळे असाल असे आठवडे दहा महिन्यांत बारा-चौदाच निघतात. आराखडा तेवढ्या आठवड्यांचा करा. बाकीच्या दिवसांत फक्त भेटीगाठी.

प्रकल्पाचे पैसे थेट माझ्या खात्यावर आले. गवंडी, टेम्पोवाला पक्कं बिल देत नाहीत. हिशोब कसा ठेवू?
– विद्यार्थिनी, कोल्हापूर

सगळ्यात आधी दुसरं बचत खातं उघडा. घरखर्चाच्या आणि मैत्रिणीच्या चहाच्या यूपीआयमध्ये प्रकल्पाचे पैसे मिसळले की तिसऱ्या महिन्यात तुम्हालाच ओळखू येत नाहीत. जिथे पक्कं बिल नाही तिथे व्हाउचर करा : तारीख, नाव, काम, किती दिवस, दर, रक्कम आणि घेणाऱ्याची सही किंवा अंगठा. रोख रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्यावी. दुकानातल्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या दोन महिन्यांत कोऱ्या होतात, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

२५,०००पैकी अडीच हजार सुरुवातीलाच बाजूला काढा. ते दुरुस्तीला लागतातच. टी-शर्ट, बॅनर आणि उद्घाटनाचे हारतुरे यांवर खर्च करू नका. संस्थेचा आग्रह असेल तर तो खर्च तिने वेगळा करावा. गावातून वर्गणी काढायची असेल तर स्वतःचा क्यूआर कोड फिरवू नका, संस्थेच्या पावतीपुस्तकावरच घ्या. महिन्याचा जमाखर्च शाळेच्या किंवा पंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहून टाका. कुजबुजीला जागा राहत नाही.

मुलगी फेलोशिपसाठी निवडली गेली आहे. महिन्यातून चार-पाच दिवस गावात मुक्काम आहे. घरचे नको म्हणतात. मी काय विचारून घेऊ?
– आई, ठाणे जिल्हा

ताई, संस्थेला हे प्रश्न विचारण्यात संकोच नको. चांगल्या संस्थेला ते अपेक्षितच असतात. मुक्काम कोणाच्या घरी, त्या घरात बाई-माणूस कोण आहे, खोलीला आतून कडी आहे का, न्हाणीघर आणि शौचालय कुठे आहे? मुलगी एकटी राहणार की दोघी? रात्री अडचण आली तर कोणाला फोन, आणि तो माणूस किती वेळात पोहोचेल? गावात रेंज कुठे मिळते हेही विचारा, कारण रेंज नसेल तर मदतीचा ११२ नंबर पाठ असून उपयोग नाही.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि स्वयंसेवक यांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक जण कामाला असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान संस्थेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. संस्थेच्या समितीतल्या बाईंचं नाव आणि फोन मुलीकडे आधीच असू द्या. “आमच्याकडे असं काही होत नाही” हे उत्तर मिळालं तर दुसरी फेलोशिप शोधा.

एक गोष्ट मुलीशी बोलून ठरवा : एखादं घर किंवा एखादा माणूस तिला बरा वाटला नाही तर कारण न सांगता तिथून निघायचा हक्क तिला आहे, आणि त्यासाठी घरी कोणी “बघ, आम्ही सांगितलं होतं” म्हणणार नाही. हे दुसरं कबूल केलंत तरच ती फोन करेल.

फेलोशिपच्या कामाचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, मिळतात का?
– विद्यार्थी, पुणे

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग प्रकल्प यांना जागा आहे. प्रात्यक्षिक कामाला एका क्रेडिटचे ३० तास धरतात, म्हणजे दोन क्रेडिटला ६०. पण काम आपोआप धरलं जात नाही. सुरुवात करण्याआधी विभागप्रमुखांकडून विषय लेखी मंजूर करून घ्या. फेलोशिपचे दिवस हजेरीत धरणार का, हेही त्याच वेळी विचारा. नोंदवही ठेवा : तारीख, वेळ, काय केलं, आणि दर आठवड्याला मुख्याध्यापक किंवा सरपंच यांची सही. शेवटच्या रात्री एकाच पेनाने भरलेली वही परीक्षकाला लांबूनच ओळखू येते.